खाऱ्या टाकीची क्षारता मोजताना : प्रकल्प नोंदी

9 नोव्हेंबर 2024, टिळकवाडी, बेळगाव

दिवाळी आटोपली आणि आतेभावाची बदली हुबळीला झाली, त्यामुळे त्याची 180 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आता आमच्या बैठकीच्या खोलीत आली आहे. तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी, थोडे मऊ प्रवाळ आणि समुद्री गोगलगायी आहेत. टाकीबरोबर क्षारता मोजण्याची तीन साधने आली: डोळ्याला लावून प्रकाशाकडे पाहायचा रिफ्रॅक्टोमीटर, काचेचा तरंगता हायड्रोमीटर आणि पाण्यात बुडवायचा विद्युत वाहकतेचा पेन. आज एकाच तांब्यातले पाणी घेऊन तिन्ही साधनांनी मोजले. रिफ्रॅक्टोमीटरने 35 दाखवले. हायड्रोमीटर 1.0232 वर स्थिरावला, आणि त्याच्या डबीतल्या कागदावर 1.0264 म्हणजे 35 असे छापलेले असल्याने त्या हिशेबाने क्षारता 31 च्या जवळ येते. पेनने 48.9 मिलिसिमेन्स दाखवले, म्हणजे साधारण 32.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात आणि प्रवाळांच्या टाकीत याच आकड्याच्या आसपास राहावे लागते. 35 आणि 31 यांतले अंतर प्राण्यांच्या दृष्टीने मोठे आहे. रिफ्रॅक्टोमीटर खरा मानला तर काहीच करायचे नाही, हायड्रोमीटर खरा मानला तर टाकीत पाऊण किलोच्या आसपास मीठ विरघळवावे लागेल. तिन्ही आकड्यांची सरासरी काढण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण तीन साधने तीन वेगळ्या कारणांनी चुकत असतील तर त्यांच्या सरासरीलाही काही आधार उरत नाही. म्हणून असे ठरवले की तिन्ही आकड्यांचा मेळ लागेपर्यंत टाकीच्या मिठाला हात लावायचा नाही. काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारली आहे, आणि बाष्पीभवनाने जेवढे पाणी कमी होईल तेवढेच आरओचे पाणी रोज त्या रेघेपर्यंत भरायचे.

11 नोव्हेंबर 2024

मोजायचे आहे ते नेमके काय, हे आधी लिहून ठेवतो. पाणी आटवून उरलेले मीठ तोलावे ही पहिली सुचणारी युक्ती आहे, पण समुद्राच्या पाण्याबाबत ती फसते. त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड पाण्याचे रेणू सहजासहजी सोडत नाही, जास्त तापवले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड उडून जाते आणि बायकार्बोनेटांचे विघटन होते. तव्यावर उरलेल्या पांढऱ्या थराचे वजन म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे वजन नव्हे.

म्हणून क्षारता आडवाटेने मोजली जाते, आणि ती तशी मोजता येते याचे श्रेय 1872 ते 1876 या काळात जगभर फिरलेल्या चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेला बऱ्याच अंशी द्यावे लागेल. त्या मोहिमेत गोळा केलेल्या पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार यांनी तपासले आणि 1884 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उघड्या समुद्रात एकूण क्षार कमीजास्त असले तरी त्या क्षारांचे आपापसातले प्रमाण जवळजवळ एकच राहते. क्लोराइड सुमारे 55 टक्के, सोडियम साधारण 30 टक्के, त्यानंतर सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम. प्रमाण ठरलेले असल्याने घनता, अपवर्तनांक किंवा वाहकता यांपैकी एक गुणधर्म मोजला तरी एकूण क्षारतेचा अंदाज बांधता येतो. समुद्रशास्त्रज्ञ 1978 पासून वाहकता हाच आधार मानत आले आहेत. एक किलो द्रावणात 32.4356 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असलेल्या द्रावणाइतकी वाहकता 15 अंश तापमानाला ज्या पाण्याची भरेल, त्याची क्षारता 35 मानायची, अशी ती व्याख्या आहे.

आमची तिन्ही साधने मिठाला थेट मोजतच नाहीत. एक पाण्याचे जडपण पाहते, दुसरे प्रकाश किती वाकतो ते आणि तिसरे वीज किती वाहते ते. त्या गुणधर्मावरून क्षारतेकडे जाताना प्रत्येक साधनाच्या पट्टीत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: तापमान कोणते आणि विरघळलेला पदार्थ कोणता. या दोन गृहीतांचा शोध घेणे हेच पुढचे काम आहे.

16 नोव्हेंबर 2024

आज हायड्रोमीटर तपासला. काचेच्या नळीतली कागदी पट्टी भिंग लावून वाचली तर तळाशी बारीक अक्षरात 60/60 अंश फॅरनहाइट असे छापलेले सापडले. सगळा घोळ या खुणेत होता. 60 अंश फॅरनहाइट म्हणजे 15.56 अंश सेल्सियस. त्या तापमानाच्या शुद्ध पाण्याच्या तुलनेत त्याच तापमानाचा नमुना किती जड आहे, ते ही पट्टी सांगते. आमची टाकी मात्र 25 अंशांवर असते, आणि कोमट पाणी फुगून हलके झालेले असल्याने काच त्यात जास्त बुडते व आकडा कमी दिसतो.

किती कमी, हे गणिताने काढता येते. क्षारता 35 असलेल्या पाण्याची घनता 25 अंशांना दर घनमीटरला 1023.3 किलो असते आणि 15.56 अंशांच्या शुद्ध पाण्याची 999.0 किलो. भागाकार येतो 1.0243. म्हणजे समुद्राचे उत्तम पाणी आमच्या टाकीच्या तापमानाला या हायड्रोमीटरने मोजले तर तो 1.0264 दाखवणारच नाही, 1.0243 दाखवील. डबीतल्या कागदावरचा 1.0264 हा आकडा चुकीचा नाही, पण तो नमुना आणि शुद्ध पाणी दोन्ही 25 अंशांना तोलून काढलेला आहे. पट्टी एका तापमानाची आणि कोष्टक दुसऱ्या तापमानाचे, असे ते जोडपे आहे. प्रत्येक एक अंक क्षारतेमागे घनता सुमारे 0.00075 ने बदलते. आमचे 1.0232 हे 1.0243 पेक्षा 0.0011 ने कमी आहे, तेव्हा क्षारता 35 पेक्षा दीड अंकाने कमी, म्हणजे 33.5 निघते.

हायड्रोमीटर वाचताना डोळा पाण्याच्या पातळीत ठेवावा आणि काचेला चिकटून वर चढलेल्या पाण्याची कड सोडून सपाट पृष्ठभागाची रेघ धरावी. नळीला चिकटलेला एखादा बुडबुडाही तिला उचलून धरतो. दुकानात मिळणारा काटा फिरणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर मी घेणार नाही. त्याच्या काट्यावर बुडबुडे आणि चुन्याचा थर बसत जातो, आणि आकडा हळूहळू सरकला तरी ते लक्षात येत नाही.

24 नोव्हेंबर 2024

चिकोडी तालुक्यातल्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारे दाजी आज घरी आले होते. गळीत हंगाम सुरू झाल्याने त्यांना सवड नसते, तरीही टाकीचे पाणी एका बाटलीत भरून त्यांच्याबरोबर पाठवले होते आणि त्यांनी ते कारखान्यातल्या दोन साधनांवर तपासून आणले. उसाच्या रसाची ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साखर किती ग्रॅम, हे ते रिफ्रॅक्टोमीटरनेही मोजतात आणि हायड्रोमीटरनेही. रसावर दोन्हींचे आकडे जवळपास येतात. आमच्या पाण्यावर रिफ्रॅक्टोमीटरने 4.2 ब्रिक्स दाखवली आणि हायड्रोमीटरने 6.4.

“साखरेचा एक कण नाही आणि दोन्ही यंत्रे साखर दाखवताहेत, तीसुद्धा वेगवेगळी,” असे ते हसत म्हणाले.

मला मात्र ही आठवड्यातली सर्वांत उपयोगी माहिती वाटली. ब्रिक्सची पट्टी साखरेसाठी आखलेली आहे. साखरेच्या तुलनेत मीठ पाण्याला जितके जड करते तितका प्रकाश वाकवत नाही, म्हणून एकच पाणी घनतेच्या वाटेने 6.4 आणि प्रकाशाच्या वाटेने 4.2 ठरते. दोन्ही आकडे परत घनतेत आणि अपवर्तनांकात फिरवले तर मात्र दोन्ही वाटांनी क्षारता साडेतेहतिसाच्या आगेमागे येते. ब्रिक्सच्या एका दशांशाला क्षारतेचा पाऊण अंक लागतो, तेव्हा या साधनांवर अंतिम निर्णय देता येणार नाही, पण दिशा कळली.

दाजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडच्या ब्रिक्स हायड्रोमीटरवर 27.5 अंश सेल्सियस ही खूण छापलेली असते, आणि नमुना वेगळ्या तापमानाचा असेल तर दुरुस्तीचे कोष्टक पाहिल्याशिवाय नोंदवहीत आकडा लिहायची मुभा नसते. मासे पाळणाऱ्यांत ही शिस्त मला क्वचित दिसली आहे.

1 डिसेंबर 2024

आता रिफ्रॅक्टोमीटर. हे साधन सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याला दोनच थेंब पुरतात आणि तापमानाची दुरुस्ती ते आतल्या दोन धातूंच्या पट्टीने आपोआप करते. थेंब प्रिझमवर टाकून झाकण लावल्यावर अर्धा मिनिट थांबावे लागते, म्हणजे नमुना साधनाच्या तापमानाला येतो. गेल्या काही दिवसांत पहाटे खोलीत चांगलाच गारठा असतो, पण दोन थेंबांना थंड व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न पट्टीचा आहे. बाजारात क्षारतेचे म्हणून विकले जाणारे बरेच रिफ्रॅक्टोमीटर मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी, म्हणजे केवळ सोडियम क्लोराइडसाठी आखलेले असतात. लोणच्याचे खारे पाणी आणि खाद्य उद्योगातली द्रावणे तपासायला ते बनवलेले असतात. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक 20 अंशांना 1.3330 असतो आणि क्षारता 35 असलेल्या समुद्राच्या पाण्याचा 1.3394. तेवढाच अपवर्तनांक गाठायला किलोमागे 36.5 ग्रॅम सोडियम क्लोराइड लागते. त्यामुळे मिठाच्या पट्टीवर समुद्राचे पाणी 35 ऐवजी 36.5 दिसते, आणि पट्टीवर 35 दिसत असेल तर खरी क्षारता 33.6 असते.

शुद्ध पाणी टाकून शून्य जुळवण्याची जी पद्धत आहे तिने हा दोष पकडला जात नाही. शून्याला दोन्ही पट्ट्या एकच असतात. जसजसे वर जावे तसतसे त्यांच्यातले अंतर वाढत जाते. आमचा रिफ्रॅक्टोमीटर मिठाचा आहे की समुद्राच्या पाण्याचा, हे त्याच्या डबीवर कुठेही लिहिलेले नाही. ते विचारण्यापेक्षा तपासून पाहणे सोपे आहे.

7 डिसेंबर 2024

खडेबाजाराकडून येताना रसायनांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचे सोडियम क्लोराइड आणले. स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठात ते मोकळे राहावे म्हणून घातलेले पदार्थ असतात, आणि ते किती ओलसर आहे ते ठाऊक नसते. प्रमाण द्रावणासाठी ते नको. आणलेले मीठ ओव्हनमध्ये तापवून कोरडे केले आणि झाकणाच्या बरणीत थंड होऊ दिले.

सोन्याचांदीसाठी वापरतात तसा 200 ग्रॅम क्षमतेचा, एक शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घरी आहे. त्यावर 36.50 ग्रॅम मीठ तोलले. 963.5 ग्रॅम पाणी मात्र या काट्यावर मावत नाही, ते स्वयंपाकघरातल्या मोठ्या काट्यावर तोलावे लागले. तो काटा एक ग्रॅमने इकडेतिकडे झाला तरी परिणाम हजारातल्या एका भागाचा, म्हणजे क्षारतेत 0.04 एवढाच होतो. एक लिटर पाणी मापून त्यात 36.5 ग्रॅम मीठ टाकणे आणि हे करणे, यांत फरक आहे, कारण येथे मिठासकट एकूण वजन एक किलो भरायला हवे.

द्रावण तीन घट्ट बुचांच्या बाटल्यांत भरून प्रत्येकीवर तारीख आणि भरलेल्या बाटलीचे वजन लिहिले. वजन लिहिण्याचे कारण पुढे येईल.

8 डिसेंबर 2024

शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर कालचे द्रावण टाकले. निळ्या-पांढऱ्याची सीमा 36 आणि 37 यांच्या बरोबर मध्ये पडली. साधन मिठाचेच आहे, हे सिद्ध झाले. आता स्क्रू फिरवून हेच द्रावण 35 वर आणले आणि मग टाकीचे पाणी टाकले: 33.5.

शुद्ध पाणी आता शून्याच्या रेघेखाली जाते. ते तसेच राहू द्यायचे आहे. टाकीचे पाणी नेहमी 35 च्या परिसरात असणार, तेव्हा साधन तिथेच जुळलेले हवे. शून्यापाशी ते किती चुकते याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. घरातल्या कुणी नीटनेटकेपणाच्या भरात शून्य पुन्हा जुळवू नये म्हणून स्क्रूवर कागदाची चिकटपट्टी लावली आहे.

14 डिसेंबर 2024

आतापर्यंत दोन साधनांनी 33.5 सांगितले आहे, पण दोन्हींना मी कोष्टके आणि दुरुस्त्या लावलेल्या आहेत. अशी एक पद्धत हवी होती की जिच्यात कुणाची आखलेली पट्टीच नसेल. ती शाळेच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मिळाली. सापेक्ष घनतेची 50 मिलिलिटरची काचेची बाटली बऱ्याच शाळांत असते. तिच्या बुचातून एक केसासारखे बारीक छिद्र आरपार गेलेले असते. बाटली काठोकाठ भरून बूच बसवले की जादा पाणी छिद्रातून वर येते आणि बाटलीत दर वेळी तंतोतंत तेवढेच घनफळ राहते. ओळखीच्या शिक्षिकाबाईंनी ती आठवड्यासाठी दिली.

टाकीचे पाणी आणि आरओचे पाणी अशा दोन बरण्या रात्रभर शेजारीशेजारी ठेवल्या होत्या, आणि सकाळी दोन्ही कोमट पाण्याच्या परातीत ठेवून 25 अंशांवर आणल्या. या पद्धतीत एवढीच अट कडक आहे की दोन्ही पाणी एकाच तापमानाचे असावे. बाटली भरताना भिंतीला बुडबुडे राहू नयेत म्हणून टाकीचे पाणी आधी हलवून त्यातला वायू निघू दिला. बूच बसवल्यावर बाहेरून टिपकागदाने पुसताना छिद्रातले पाणी शोषले जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते, आणि बाटली तळहाताने न धरता मानेशी दोन बोटांनी धरावी लागते, कारण हाताच्या उबेने पाणी फुगून एक थेंब वर येतो. एक थेंब म्हणजे 0.05 ग्रॅम, आणि तेवढ्याने क्षारतेचा सव्वा अंक इकडचा तिकडे होतो.

रिकामी बाटली वजा जाता आरओचे पाणी 49.92 ग्रॅम भरले आणि टाकीचे पाणी 51.18 ग्रॅम. भागाकार 1.0252. क्षारता 35 च्या पाण्यासाठी 25 अंशांना हाच भागाकार 1.0264 येतो. 0.0252 ला 0.0264 ने भागून 35 ने गुणले की 33.4 मिळतात, भागाकार पाचव्या दशांशापर्यंत नेला तर 33.5. छोट्या काट्याचा शेवटचा अंक एकाने हलला तर उत्तर पाव ते अर्ध्या अंकाने हलते, म्हणून 33 ते 34 च्या दरम्यान, बहुधा मधोमध, एवढाच दावा मी यावरून करीन. प्रत्येक पाणी अनेकदा भरून तोलले आणि मधला आकडा घेतला आहे.

भाच्याने एक शंका विचारली की, बेळगाव समुद्रसपाटीपासून 750 मीटर उंचीवर आहे, त्याचा वजनावर परिणाम होणार नाही का. होणार नाही, कारण दोन्ही पाणी एकाच काट्यावर, एकाच बाटलीत तोलले आहे आणि आपण फक्त त्यांचे गुणोत्तर घेतो. काटा स्वतः अर्ध्या टक्क्याने चुकत असता तरी गुणोत्तर जवळजवळ तेच राहिले असते. या पद्धतीचे बळ इथे आहे. ती रोज करण्यासारखी नाही, वेळखाऊ आहे आणि हात स्थिर लागतो. पण बाकी साधनांची उलटतपासणी घ्यायची तर माझ्या मते घरी याहून भरवशाचे काही नाही.

15 डिसेंबर 2024

वाहकतेचा पेन राहिला होता. तो 12.88 मिलिसिमेन्सच्या प्रमाण द्रावणावर जुळवलेला होता. टाकीचे पाणी त्याच्या चौपट वाहक असते आणि एवढ्या दूर जाताना स्वस्त पेनची चाल सरळ राहत नाही. म्हणून टाकीच्या जवळचे प्रमाण हवे. किलोमागे 36.5 ग्रॅमचे आपले द्रावण येथे चालत नाही. क्षारता 35 च्या पाण्याची वाहकता 25 अंशांना 53 मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर असते, आणि तेवढ्या वाहकतेला सोडियम क्लोराइड सुमारे 3.3 टक्के पुरते. घनतेसाठी हेच प्रमाण सुमारे 3.7 टक्के आहे आणि अपवर्तनांकासाठी 3.65. समुद्राच्या एकाच पाण्याची बरोबरी करायला साध्या मिठाची तीन निरनिराळी द्रावणे लागतात, म्हणून बाटलीवर नुसते “35 चे प्रमाण” असे लिहून भागत नाही; ते कोणत्या साधनासाठी आहे हेही लिहायला हवे. दुकानातून विकत आणलेल्या प्रमाण द्रावणाबाबतही हेच विचारावे.

3.3 टक्क्यांच्या द्रावणात पेनने 53 ऐवजी 50.9 दाखवले. त्याच प्रमाणात टाकीचे 48.9 वाढवले की 50.9 होतात, आणि त्यावरून क्षारता पुन्हा साडेतेहतीसच्या जवळ येते. तापमानाच्या एका अंशाने वाहकता सुमारे दोन टक्के बदलते, तेव्हा पेनमधला तापमापक चुकत असेल तर सगळे मोजमाप चुकते. त्याची तुलना घरातल्या काचेच्या तापमापकाशी करून घेतली. तो ठीक आहे.

22 डिसेंबर 2024

तिन्ही साधनांचा आणि वजनाचा मेळ लागल्याने आजपासून क्षारता वाढवायला घेतली. 180 लिटरला दीड अंक म्हणजे पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास क्षार हवेत. ते एकदम टाकायचे नाहीत. रोज उडून जाणाऱ्या पाण्याच्या जागी आरओऐवजी क्षारता 35 चे तयार पाणी भरायचे, एवढेच केले की दिवसाला साधारण दोन लिटरमागे सत्तर ग्रॅम क्षार टाकीत जातात आणि क्षारता रोज अर्ध्या अंकाहून कमीच वाढते. माशांपेक्षा प्रवाळ आणि गोगलगायी अशा बदलाला नाजूक असतात.

29 डिसेंबर 2024

रिफ्रॅक्टोमीटर 35. सापेक्ष घनतेची बाटली शाळेला परत करण्यापूर्वी एकदा तोलून घेतले, तेही जुळले. आता पुन्हा आरओचे पाणी.

19 जानेवारी 2025

कॅल्शियमच्या चाचणीचे जुने आकडे आतेभावाच्या वहीत सापडले. त्याला कॅल्शियम सतत 395 च्या घरात मिळत असे आणि तो वाढवण्यासाठी त्याने पूरक द्रावणे आणली होती. समुद्रात क्षारता 35 असताना कॅल्शियम लिटरमागे साधारण 412 ते 420 मिलिग्रॅम असते, क्षारता 33.5 असेल तर त्याच प्रमाणात ते 395 ते 400 होणारच. कॅल्शियम कमी नव्हते, सगळेच थोडे पातळ होते. आता पूरक न घालता 415 येते. क्षारता हा इतर सगळ्या चाचण्यांचा पाया आहे, आणि ती निश्चित केल्याशिवाय बाटल्यांवर पैसे घालू नयेत असे माझे मत झाले आहे.

रिफ्रॅक्टोमीटर टाकीच्या निळ्या दिव्याकडे धरून वाचू नये, सीमारेषा वेगळी दिसते. खिडकीतला उजेड किंवा साधा पांढरा दिवा बरा. वापरल्यावर प्रिझम शुद्ध पाण्याने पुसावे, नाहीतर वाळलेले मीठ पुढच्या थेंबात विरघळून आकडा वाढवते.

9 मार्च 2025

हवा कोरडी झाली आहे आणि पंख्याखाली टाकीतून रोज साडेतीन लिटरांच्या आसपास पाणी उडते. पाणीच उडते, क्षार मागे राहतात. दोन टक्के पाणी कमी झाले की 35 चे 35.7 होतात. एक दिवस भरायचे राहिले तर प्राण्यांना काही होत नाही, पण मोजणाऱ्याने पातळी रेघेवर आणूनच मोजावे, अन्यथा तो क्षारता न मोजता आपला आळस मोजत असतो. फ्लोटच्या स्विचवर चालणारा छोटा पंप बसवला. वीज गेल्यावर टाकीखालच्या पेटीत पाणी उतरून पातळी बदलते, म्हणून पंपाला भरायचे पाणी देणारे भांडे मुद्दामच लहान, पाच लिटरचे ठेवले आहे. स्विच अडकलाच तर जास्तीत जास्त तेवढेच गोडे पाणी आत जाईल आणि क्षारता एका अंकापेक्षा कमी उतरेल.

20 एप्रिल 2025

गल्लीतले लोक विचारतात की गोवा चार तासांच्या आत आहे, चोर्ला घाटाने जाऊन समुद्राचेच पाणी कॅनमध्ये का आणत नाही. टाकीसाठी ते कुणी आणत असेल तर आणो. साधने जुळवण्यासाठी मात्र ते उपयोगाचे नाही. समुद्राचे पाणी म्हणजे 35 हे उघड्या महासागराच्या सरासरीचे बोलणे आहे. तांबडा समुद्र 40 च्या जवळ जातो, आणि किनाऱ्यालगत, विशेषतः नदीच्या मुखाशी, आकडा ऋतूप्रमाणे हलतो. पणजीपाशी समुद्राला मिळणारी मांडवी ही आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादईच आहे. पावसाळ्यात तिकडे कोसळलेले पाणी तिच्या मुखाशी वरचा थर जवळजवळ गोडा करून टाकते. समुद्रशास्त्राच्या प्रयोगशाळासुद्धा किनाऱ्यावरचे पाणी प्रमाण मानत नाहीत. मोजलेल्या वाहकतेचे, काचेत सीलबंद केलेले प्रमाणित समुद्रजल त्यासाठी वेगळे मिळते.

29 जून 2025

पाऊस धरला आहे आणि नवीच अडचण उभी राहिली. पाणी बदलण्यासाठी समुद्री मिठाची पिशवी उघडून नेहमीच्या वजनाचे मीठ घातले, तरी रिफ्रॅक्टोमीटरवर 33.8 आले. आधी प्रमाण द्रावण टाकून साधन तपासले. ते 35 वर ठाम होते. मग मिठाकडे पाहिले. या मिश्रणातली मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची क्लोराइडे हवेतली ओल ओढून घेतात, आणि बेळगावच्या पावसाळ्यात उघडलेली पिशवी काही दिवसांत जड होते. तोललेल्या ग्रॅमांत क्षार कमी आणि पाणी अधिक असते.

कोरड्या दिवसांतही लिटरला 35 ग्रॅम टाकून 35 मिळत नाही. क्षारता 35 चे एक लिटर पाणी 1.023 किलो भरते, म्हणून त्यात 35.8 ग्रॅम क्षार लागतात, आणि मिश्रणातल्या स्फटिकांत बांधलेले पाणी धरले तर त्याहून जास्त. तेव्हा वजनाने मीठ घालावे, पण शेवटचा निर्णय साधनावर सोडावा. आता मीठ रबरी कड असलेल्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. तयार केलेले पाणी रात्रभर पंपाने फिरवून सकाळी मोजतो, कारण मीठ घातल्यावर लगेच मोजले तर आकडा कमी येतो आणि माणूस आणखी मीठ घालत बसतो.

10 ऑगस्ट 2025

डिसेंबरातल्या प्रमाण द्रावणाच्या तीन बाटल्या आज पुन्हा तोलल्या. दोन बाटल्यांचे वजन होते तेवढेच आहे. रोज वापरातली तिसरी बाटली वेगळी नोंदलेली असते. दर वेळी थेंब काढल्यावर तिचे नवे वजन लिहितो, आणि पुढच्या वेळी उघडण्याआधी तोलतो. या दोन वजनांतली घट म्हणजे बुचातून उडालेले पाणी. आतापर्यंत तिच्यातून शेकडा एक भाग पाणी उडाले आहे, म्हणजे तिची 35 आता 35.35 झाली. तिच्यावर जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर टाकीचा आकडा तेवढाच कमी सांगेल. ती बाटली ओतून दिली आणि न उघडलेल्या दोनपैकी एक वापरात घेतली. साधन पुन्हा जुळवल्यावर टाकी 35.2 आहे. पुढच्या रविवारी पाणी बदलताना नवे पाणी 34 चे करीन, म्हणजे ती जागेवर येईल.